हात बसला, पण किती दिवस?

नमस्कार. आधी एका मुलीबद्दल सांगते. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, मन लावून शिकणारी. सीपीआरच्या, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाला छातीवर दाब आणि श्वास देण्याच्या, परीक्षेत तिला एकही प्रश्न अडला नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाच्या छातीवर किमान ५ सेंटिमीटर खोल पण ६च्या पुढे नाही, ३० दाबांनंतर २ श्वास, नाडी बघण्यात १० सेकंदांपेक्षा जास्त घालवायचे नाहीत. मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, हातही छान चालला. तिच्या कागदावर उत्तीर्ण म्हणून सही मीच केली.

पाच महिन्यांनी वॉर्डात तिच्या समोरच्या खाटेवरचा रुग्ण निपचित पडला. तिने हाक मारली, खांदे हलवले, मदतीला ओरडली, छातीवर हात ठेवले. क्रम अगदी बरोबर. मी धावत पोहोचले तेव्हा तिची कोपरं वाकलेली होती, खाट तिच्या मानाने उंच होती, आणि प्रत्येक दाबाला छातीपेक्षा गादीच जास्त खाली जात होती. रुग्ण वाचला नाही. दाब नीट पडले असते तर वाचला असता का, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, मला सगळं आठवत होतं. मग हात का नाही चालले?"

मी आज बोलणार आहे ते या प्रश्नावरच.

१९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स या वैद्यकीय संस्थेत कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघा संशोधकांनी छाती न उघडता, बाहेरून दाब देऊन हृदयाचं काम चालवता येतं हे दाखवलं. त्याआधी थांबलेल्या हृदयाला हात घालायचा तर शस्त्रक्रियाच करावी लागे. त्यांनी लिहिलं की आता कुणीही, कुठेही हे सुरू करू शकतो, त्यासाठी लागतात ते फक्त दोन हात. त्याच सुमारास नॉर्वेत खेळणी बनवणाऱ्या लेर्डाल यांनी सरावासाठी ॲन नावाची बाहुली तयार केली. म्हणजे हे हातांचं काम आहे आणि ते पुतळ्यावर करून करूनच येतं, ही समज अगदी पहिल्या दिवसापासून होती. आपण मात्र हळूहळू ते वर्गात शिकवायचा धडा करून टाकलं.

डोक्यातलं ज्ञान आणि हातातलं कौशल्य वेगवेगळ्या वेगाने विरतं. लेखी परीक्षा सहा महिन्यांनी पुन्हा घेतली तर मुलं बऱ्यापैकी तरतात. प्रत्यक्ष दाब देण्याची परीक्षा घेतली तर तीन ते सहा महिन्यांतच घसरण दिसते. अनेक देशांत, अनेक कॉलेजांत हे पुन्हा पुन्हा आढळलं आहे. आणि प्रमाणपत्राची मुदत किती असते? बहुतेक ठिकाणी दोन वर्षं. दोन वर्षांच्या कागदामागे काही महिन्यांचा हात असतो. त्या मुलीला सगळं आठवत होतं, कारण डोकं शाबूत होतं. सुटला होता तो हात.

मराठीत आपण म्हणतो, "हिचा हात बसलाय." हात बसणं म्हणजे काय, हे जरा जवळून बघू या. दाब देणाऱ्याचे खांदे थेट हातांच्या वर आले पाहिजेत, कोपरं ताठ हवीत, आणि जोर दंडातून न येता कमरेपासून, शरीराच्या वजनातून उतरला पाहिजे. हे जमलं की सडपातळ मुलगीसुद्धा पुरेसा खोल दाब देऊ शकते. न जमलं तर धट्टाकट्टा मुलगाही मिनिटभरात दमतो. दाबाइतकंच महत्त्वाचं आहे सोडणं. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर आली पाहिजे, कारण त्या क्षणीच हृदयात रक्त परत भरतं आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना रक्त मिळतं. दमलेली मुलगी नकळत छातीवर रेलून राहते. तिचा दाब बाहेरून ठीक दिसतो, पण आत रक्त भरायला जागाच उरत नाही. हे रेलणं तिचं तिला कळत नाही, आणि शेजारी उभ्या असलेल्या मलाही नुसत्या डोळ्यांनी खात्रीने कळत नाही.

मधल्या थांबण्याचंही तसंच. हृदयाला रक्त पुरवणारा रक्तदाब एका फटक्यात चढत नाही, सलग दाब देत राहिलं की हळूहळू वर येतो. थांबलात की झपकन कोसळतो. पुन्हा सुरू केलंत तरी पहिले कित्येक दाब नुसते तो चढवण्यातच जातात. म्हणून "जरा थांबा, नाडी बघू" हे वाक्य फार महाग पडतं. दर दोन मिनिटांनी दाब देणारी व्यक्ती बदलायची ती यासाठी, की आपण दमलो हे आपल्याला वाटायच्या आधीच दाबांची खोली कमी झालेली असते.

आता गादीकडे येते. आपली मुलं सराव कुठे करतात? स्किल लॅबमध्ये, जमिनीवर, गुडघे टेकून. खालची फरशी टणक असते, तिथे प्रत्येक दाब पूर्ण छातीत उतरतो. वॉर्डातला रुग्ण मात्र खाटेवर असतो, खाली मऊ गादी, कधी हवेची गादी. तिथे उभं राहून दाब द्यायचा असतो, आणि त्यातला काही भाग गादीच पिऊन टाकते. यावर उपाय साधे आहेत. खाट खाली घ्या, पायाखाली स्टूल घ्या, हवेची गादी असेल तर हवा सोडा, पाठीखाली फळी चटकन मिळाली तर सरकवा, पण तिच्यासाठी दाब थांबवू नका. हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं होतं का? हो, सांगितलं होतं. करून घेतलं होतं का? नाही. तिचा हात फरशीवर बसला होता, आणि परीक्षा झाली गादीवर. यात तिची चूक शोधणं मला अन्यायाचं वाटतं.

अँब्यू बॅग, म्हणजे मास्क लावून हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, तिच्याबद्दल थोडक्यात सांगते. मुलांना दाबांपेक्षा हे अवघड जातं. एका हाताने मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवून, त्याच हाताने जबडा उचलून, दुसऱ्या हाताने पिशवी दाबायची. मोठ्यांच्या पिशवीत साधारण दीड लिटर हवा मावते आणि द्यायची असते फक्त अर्धा लिटर किंवा थोडी जास्त. घाबरलेला हात पूर्ण पिशवी पिळतो, तीही भराभर. छाती वर येताना दिसली की बस, हे डोळ्याला लागलेलं वळण हवं. दोघं जण असतील तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा. आपण शिकवताना हे फारसं करून घेत नाही, घ्यायला हवं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आत्मविश्वासाची. प्रशिक्षणानंतर मुलांना विचारलं की तुम्हाला जमेल का, तर बहुतेक जण हो म्हणतात. सहा महिन्यांनी विचारलं तरी हो म्हणतात. प्रत्यक्ष कौशल्य खाली आलेलं असतं, पण खात्री त्याच्यासोबत खाली येत नाही. ज्याला आपला हात सुटल्याचं कळतच नाही, तो सराव मागायला कशाला येईल? म्हणून "तुम्हाला कसं वाटतंय" असं विचारून भागत नाही, मोजावं लागतं. आजकालचे मॅनिकिन खोली, वेग, छाती पूर्ण सुटते की नाही, सगळं पडद्यावर दाखवतात. वीसेक वर्षांच्या अनुभवावर विसंबून मी नुसत्या नजरेने "छान" म्हणायचे. त्या पडद्याने मला दाखवलं की मी छान म्हटलेल्यांपैकी बरेच दाब उथळ होते. ते कळल्यापासून मी नजरेवर सही करत नाही.

मग करायचं काय? अमेरिकेत नर्सिंगच्या सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना सुरुवातीला प्रशिक्षण दिलं. त्यांच्यातल्या एका गटाने त्यानंतर महिन्यातून एकदा, बोलून चुका सांगणाऱ्या मॅनिकिनवर, फक्त सहा मिनिटं सराव केला. दुसऱ्या गटाने काहीच केलं नाही. सराव करणाऱ्यांच्या दाबाची खोली वर्षभर टिकली, न करणाऱ्यांची घसरली. महिन्याला सहा मिनिटं म्हणजे वर्षाला एक तास बारा मिनिटं. आपण दोन वर्षांतून एकदा अख्खा दिवस काढतो आणि तो दिवस काही महिन्यांत वाया घालवतो. विसरण्याचा हा वेग नवा नाही. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच स्वतःच्या स्मरणावर प्रयोग करून दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला सर्वांत वेगाने होतं, आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते.

आता यावर मला नेहमी सांगितलं जातं की वेळ नाही. मला वाटतं वेळ आहे, मॅनिकिन हाताशी नसतो. तो लॅबमध्ये कुलपात असतो, किल्ली एकाकडे असते, सही दुसऱ्याची लागते. सहा मिनिटांच्या सरावासाठी मुलीला अर्धा तास किल्लीमागे फिरावं लागलं तर ती सराव करणार नाही, आणि तिला दोषही देता येणार नाही. मॅनिकिन वॉर्डात आणा. एका रिकाम्या खाटेवर, गादीवर ठेवा. शेजारी स्टूल ठेवा. ड्यूटी सुरू होताना प्रत्येकीने दोन मिनिटं दाब द्यायचे आणि पडद्यावरचा आकडा वहीत लिहायचा. त्या वहीवर गुण देऊ नका. गुण आले की मुलं चांगला दिवस बघूनच सराव करतील, आणि आपल्याला तर त्यांचा वाईट दिवसच बघायचा आहे.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेलं. जमिनीवर नाही, खाटेवर. पहिल्या मिनिटात तिचे दाब साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास पडत होते. मी खाट खाली केली, स्टूल दिलं, कोपरांना हात लावून ती ताठ करवली आणि गप्प उभी राहिले. तिसऱ्या फेरीत आकडा पाचच्या पुढे गेला. ती थांबून मला म्हणाली, "हे इतकं खोल असतं होय?" खोली किती असते ते तिला तोंडपाठ होतं. पण ते हाताला त्या दिवशी कळलं.

बाहेर दाराशी दोन खाटांवर दोन मॅनिकिन ठेवले आहेत. पहिल्याचा पडदा झाकलेला आहे. त्यावर दोन मिनिटं दाब द्या, आणि तुमच्या अंदाजाने किती खोल गेलात ते चिठ्ठीवर लिहा. मग पडदा उघडून आकडा बघा. तो बघितल्यावर दुसऱ्या खाटेशी या, मी तिथेच उभी आहे.