पाच व्होल्टचा खेळ

हा जो छोटा बोर्ड दिसतोय ना, 65 मिलिमीटर लांब आणि 30 रुंद, हा अख्खा कॉम्प्युटर आहे. रास्पबेरी पाय झिरो टू डब्ल्यू. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये आला तेव्हा किंमत होती 15 डॉलर. याच्या आधीचा पहिला झिरो 2015 मध्ये 5 डॉलरला निघाला आणि तो तर एका मासिकाच्या कव्हरवर लावून फुकट दिलेला!

याचाच आपण हातात धरून खेळायचा गेम बनवतोय. सॉफ्टवेअरचं टेन्शन नको, जुने गेम चालवणारं रेट्रोपाय फुकट मिळतं, मेमरी कार्डवर टाकलं की झालं. बटणं, वायरी, स्पीकर वगैरे पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला बघा.

स्क्रीन मुद्दाम लहान घेतलीय, 320 बाय 240 पिक्सेलची. आपल्याकडे टीव्हीला जोडायचा तो कॅसेटवाला गेम आठवतोय का, मारिओ आणि कॉन्ट्रावाला, तो निन्टेन्डोच्या मशीनची नक्कल होता आणि त्याचं चित्र 256 बाय 240 चं, म्हणजे या स्क्रीनच्या उंचीत ते पिक्सेलला पिक्सेल बसतं, काही ताणायला लागत नाही, वीट न् वीट स्वच्छ दिसते. मला विचाराल तर महागड्या मोठ्या स्क्रीनपेक्षा हीच भारी.

बटणांचं सोपंय. बटणाचा एक पाय ग्राउंडला, म्हणजे बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या पिनेला, दुसरा बोर्डाच्या सिग्नलच्या पिनेला. फक्त त्या सिग्नलच्या पिना 3.3 व्होल्टच्या आहेत, चुकून 5 व्होल्टची वायर टेकली तर बोर्ड जाऊ शकतो, त्यामुळे सोल्डर केल्यावर मल्टिमीटर लावल्याशिवाय करंट द्यायचाच नाही.

आता खरा विषय, बॅटरी. बहुतेक जण गेम आणि केसिंगमध्ये रमतात आणि इथे घाई करतात. लिथियम बॅटरी फुल असताना 4.2 व्होल्ट देते आणि उतरत उतरत 3 च्या आसपास येते, बोर्डाला मात्र कायम 5 लागतात, म्हणून मध्ये बूस्ट कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज वाढवून देणारा छोटा बोर्ड, बसवायचा. तो स्वस्तातला असला की गेममध्ये लोड वाढल्यावर व्होल्टेज खाली बसतं, बोर्ड रिस्टार्ट होतो आणि त्याच क्षणी कार्डवर काही लिहिणं चालू असेल तर कार्ड करप्ट, सेव्ह केलेले गेम गेले. आणि ते टीपी4056 चं निळं चार्जिंग मॉड्यूल, छान आहे, पण चार्ज होताना खेळू नका, कारण बॅटरी भरत आली की करंट कमी होतो आणि तो कमी झालेला बघूनच ते चार्जिंग थांबवतं, मध्येच गेम करंट ओढत राहिला तर त्याला बॅटरी भरल्याचं कळणार कसं? चार्जिंग लावलं की गेम बंद, किंवा सरळ दोन्ही सांभाळणारं मॉड्यूल घ्या. 2000 एमएएचच्या बॅटरीवर साधारण अडीच-तीन तास निघतात.

राहिला प्रश्न गेम कुठून आणायचे. चोरून डाउनलोड करायची गरजच नाही हो, जुन्या मशीनसाठी आजही लोक नवे गेम लिहितात आणि कितीतरी फुकट देतात. जीबी स्टुडिओ हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरून तर कोडिंग न येणारी शाळेतली पोरंही स्वतःचा गेम बनवू शकतात, आणि तीच फाइल या डब्यावर चालते आणि निन्टेन्डोच्या 1989 च्या खऱ्या गेमबॉयवरही, म्हणजे त्यांच्या हातात धरायच्या मशीनवरही.