अंगणातला बुडखा

(पडद्यावर नुकत्याच तोडलेल्या झाडाचा बुडखा दिसतो. कापलेल्या पृष्ठभागावर अजून ओल आहे.)

झाड तोडणारी माणसे फांद्या बांधून, ओंडके गाडीत भरून निघून जातात आणि अंगणात गुडघाभर उंचीचा बुडखा तेवढा मागे राहतो. झाड उभे असताना त्या भागाकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते. आता मात्र तो येता-जाता पायात येतो, गवत कापताना आडवा येतो आणि नवे काही लावायचे म्हटले की नेमकी तीच जागा हवीशी वाटते. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला विचार येतो तो कुदळ, पहार आणि सुट्टीचा एक दिवस यांचा. कोवळ्या, मनगटाएवढ्या खोडासाठी तो योग्यही आहे. पण जुन्या झाडाचा बुडखा हाताने उपटायला निघालेल्या माणसाला दुपार होईपर्यंत कळून चुकते, की वर दिसते त्याच्या कितीतरी पट पसारा मातीत आहे.

हा पसारा आपल्या कल्पनेपेक्षा वेगळा असतो. वर जेवढ्या फांद्या तेवढीच खाली खोल गेलेली मुळे, असे चित्र आपल्या मनात लहानपणापासून पक्के बसलेले आहे. प्रत्यक्षात बहुसंख्य मुळे जमिनीच्या वरच्या साधारण ६० सेंटिमीटरच्या थरातच आडवी पसरतात, कारण हवा, ओलावा आणि अन्नद्रव्ये तिथेच मिळतात, आणि पसरता पसरता ती झाडाच्या सावलीच्याही बरीच बाहेर जातात. त्यामुळे बुडखा काढणे म्हणजे झाड समूळ काढणे, असा अर्थ या कामात कधीच नसतो. किती खोलीपर्यंत काढायचे, कोणती मुळे काढायची आणि कोणती मातीत कुजू द्यायची, हे ठरवावे लागते. जाणकार माणूस बोलावायचा तो मुख्यतः या निर्णयासाठी, कारण बुडखा दळणारे यंत्र तर भाड्यानेही मिळते.

बुडखा तसाच राहू देणे हाही एक पर्याय आहे आणि तो वाटेत नसेल, जागेची घाई नसेल, तर आम्ही त्याला वाईट म्हणणार नाही. मऊ लाकूड काही वर्षांत कुजते, कठीण लाकडाला दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो, आणि तेवढ्या काळात त्या लाकडावर भुंगेऱ्यांच्या अळ्या, मुंग्या आणि त्यांना टिपणारे पक्षी जगतात. परंतु झाड रोगाने मेलेले असेल, तर हा हिशेब बदलतो. आर्मिलॅरिया नावाची बुरशी मेलेल्या बुडख्यात मुक्काम ठोकते आणि बुटाच्या काळ्या नाडीसारखे दिसणारे तिचे धागे मातीतून सरकत शेजारच्या निरोगी झाडाच्या मुळांपर्यंत पोहोचतात. माडासारख्या झाडांच्या बुडख्यांत गॅनोडर्मा ही बुरशी अशीच टिकून राहते. घराच्या भिंतीजवळचा कुजका बुडखा वाळवीच्याही सोयीचा असतो.

बुडखा जाळून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो आम्हांला धोक्याचा वाटतो, कारण वरची ज्वाळा विझल्यावरही वाळलेल्या मुळांमध्ये आग आतल्या आत धुमसत राहू शकते. भोके पाडून मीठ भरल्याने बुडख्याआधी माती नासते. मोठे उत्खनन यंत्र आणून बुडखा उपसून काढता येतो, पण आडव्या मुळांबरोबर फरशी, पाण्याची नळी आणि कुंपणाचा पायाही ओढला जाण्याची भीती असते आणि मागे भला मोठा खड्डा उरतो. भिंतीच्या जवळ तर असे उपटणे टाळावेच.

(यंत्राचे चाक जवळून दिसते. दाते एकेक करून नजरेत भरतात.)

हे स्टम्प ग्राइंडरचे, म्हणजे बुडखा जागेवरच थराथराने दळून काढणाऱ्या यंत्राचे चाक आहे. पोलादी चकतीच्या कडेला दोन्ही बाजूंनी ठरावीक अंतरावर दाते बसवलेले आहेत आणि प्रत्येक दात्याच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा, साध्या पोलादापेक्षा कितीतरी कठीण असा तुकडा आहे. हे चाक करवतीसारखे लाकूड आरपार कापत नाही. ते वेगाने फिरत असताना चालक त्याला डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे झुलवतो, आणि प्रत्येक फेरीत लाकडाचा काही सेंटिमीटरचा थर ढलप्या आणि भुसा होऊन बाहेर पडतो. सुरुवात नेहमी बुडख्याच्या वरच्या कडेपासून होते. घाई करणारा चालक चाक एकदम मध्यभागी खोल घुसवू पाहतो. मग इंजिनाचा आवाज जड होतो, चाकाची गती पडते आणि यंत्र हादरू लागते. कसबी माणसाचे यंत्र मात्र एकाच लयीत चालते आणि इंजिनाचा आवाज उतरू लागला की त्याचा हात आपोआप सैल होतो.

आता बाहेर पडणाऱ्या भुशाचा रंग पाहा. सुरुवातीला तो फिकट पिवळसर, निव्वळ लाकडाचा आहे. चाक खाली जाईल तसा त्यात काळपट माती मिसळू लागते, ढलप्या आखूड होतात, आणि एका कडेने येणारा सगळा माल मातीच्याच रंगाचा झाला की त्या बाजूचे लाकूड संपले, हे चालकाला न थांबता समजते. दुसऱ्या कडेने अजून पिवळा भुसा येत असेल, तर त्या दिशेला एखादे जाड मूळ गेलेले आहे, असे तो ओळखतो आणि चाक तिकडे वळवतो.

या सगळ्याची तयारी मात्र यंत्र येण्याच्या आधीच झालेली असावी लागते. काम घेण्यापूर्वी जो माणूस जागा पाहायला येतो, किंवा निदान मापे आणि छायाचित्रे मागवतो, त्याच्याशीच पुढचे बोलावे. फोनवर एकच प्रश्न विचारून रक्कम सांगणाऱ्याने नेमके कशाचे दर सांगितले आहेत, हे कळायला मार्ग नसतो. बुडख्याचे माप घेताना बहुतेक जण कापलेल्या पृष्ठभागावर टेप धरतात आणि तिथेच चूक होते. खोड जमिनीला भिडते तिथे ते मुळांच्या दिशेने फाकलेले असते, म्हणून वर ४० सेंटिमीटर भरणारा बुडखा जमिनीलगत ६०-७० सेंटिमीटर असू शकतो. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते आणि तेवढ्याच प्रमाणात लाकूड दळावे लागते. म्हणून माप जमिनीलगत, सर्वांत रुंद जागी घ्यावे आणि त्यासोबत बुडख्याची उंची, फाटकाची रुंदी, वाटेतील पायऱ्या आणि जमिनीचा उतारही सांगावा. मोठे यंत्र काम लवकर उरकते, पण ते फाटकातून आत आले तरच त्याचा उपयोग. झाड अजून पडायचे असेल, तर तोडणाऱ्याला खोड शक्य तितके जमिनीलगत कापायला सांगावे, म्हणजे वरचे लाकूड दळण्याचा खर्च वाचतो.

(चालक बुडख्याभोवती फिरतो आहे. त्याच्या हातात पहार आहे.)

चांगला व्यावसायिक पहिला अर्धा तास यंत्राला हातही लावत नाही. तो बुडख्याभोवती पहारीने माती टोचून पाहतो. पहार मऊ मातीत सरळ उतरते, मुळावर बोदा आवाज करते आणि दगडावर खणकन वाजते. दगड सापडला तर तो उकरून बाहेर काढला जातो, कारण फिरत्या चाकात सापडलेला लहानसा खडादेखील कित्येक मीटर लांब भिरकावला जाऊ शकतो. त्यानंतर तो घरच्या माणसांना विचारतो, की या खोडाला कधी कपडे वाळत घालायची तार बांधली होती का, दिवे लावायला खिळे ठोकले होते का, ढोलीत कधी सिमेंट भरले होते का. झाड वाढता वाढता असे लोखंड पोटात घेते आणि बाहेरून त्याची खूणही राहत नाही. एका जुन्या खिळ्याने दाते तुटतात, आणि तुटलेला दाता कुठे जाऊन पडेल हे सांगता येत नाही.

जमिनीखालून जाणाऱ्या वाहिन्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. वीज, गॅस, पाणी, सांडपाणी आणि दूरसंचाराच्या मुख्य वाहिन्या कुठून गेल्या आहेत, हे संबंधित यंत्रणेकडून काम सुरू होण्यापूर्वी खात्रीने समजून घ्यावे आणि जमिनीवर फक्की मारून त्यांच्या रेषा आखून घ्याव्यात. बागेतील दिव्यांची तार, ठिबक सिंचनाच्या नळ्या किंवा मागच्या खोलीकडे नेलेली पाण्याची जोडणी मात्र कोणत्याही सरकारी नकाशात नसते. ती फक्त घरच्यांना ठाऊक असते आणि ती दाखवण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे. वाहिन्यांविषयी काहीच न विचारता यंत्र सुरू करणाऱ्या माणसाला तिथेच थांबवावे, मग त्याचे दर कितीही कमी असोत.

वाद सर्वाधिक होतात ते खोलीवरून. बुडखा काढून देतो, या शब्दांचा अर्थ एकाच्या मनात जमिनीच्या पातळीपर्यंत असतो आणि दुसऱ्याच्या मनात हातभर खोल असतो. वर केवळ गवत लावायचे असेल, तर साधारण १५ सेंटिमीटर खोली पुरते. झुडपे लावायची असतील किंवा फरसबंदी करायची असेल, तर ३० सेंटिमीटर किंवा त्याहून खोल जावे लागते. त्याच जागी पुन्हा झाड लावायचे असेल, तर याहूनही खोल जाणे आवश्यक असते आणि तसे यंत्र सगळ्यांकडे नसते. तरीही मूळ जागेपासून थोडे बाजूला, जिथे माती अखंड आहे तिथे नवे झाड लावणेच आम्हांला अधिक शहाणपणाचे वाटते. जमिनीवर उघडी पडलेली आडवी मुळे या कामात धरलेली आहेत की नाहीत, भुसा कोण उचलणार, खड्डा भरून मिळणार का, आणि भिंतीला, काचेला किंवा नळीला धक्का लागला तर भरपाई कोणाच्या विम्यातून होणार, हे सगळे कागदावर लिहून घ्यावे.

झाडाची जातही सांगितली पाहिजे. बहुतेक झाडांच्या बाबतीत खोडाचा तळ दळला गेला की नवे धुमारे फुटण्याची शक्यता संपते. मात्र काही झाडे सहज हार मानत नाहीत. निलगिरी आणि सुबाभूळ बुडख्यातून जोमाने फुटतात, म्हणून त्यांचा तळ अर्धवट सोडून चालत नाही, तर कडुनिंबासारख्या झाडाला दुखावलेल्या मुळांवरही फुटवे येऊ शकतात. असे फुटवे दिसताच कोवळे असतानाच वारंवार काढत राहिले, तर मुळांतला साठा संपत जातो. फुटवे मारणारे औषध लावण्याचा विचार असेल, तर शेजारी त्याच जातीचे जिवंत झाड नाही ना, हे आधी पाहावे, कारण एकाच जातीच्या झाडांची मुळे मातीखाली कधी कधी एकमेकांना जुळलेली असतात आणि एकाला दिलेले औषध दुसऱ्यालाही बाधू शकते.

(काम सुरू आहे. यंत्राभोवती पडदे उभे केले आहेत.)

प्रत्यक्ष कामाच्या वेळी घरच्यांनी करायचे ते थोडेच, पण काटेकोरपणे करायचे आहे. मुले आणि पाळीव जनावरे घरात ठेवावीत, गाड्या हलवाव्यात, खिडक्या बंद कराव्यात आणि चालकाशी बोलायचे असेल तर त्याने यंत्र थांबवेपर्यंत जवळ जाऊ नये. डोळ्यांवर आणि कानांवर संरक्षण न घेता काम करणारा चालक इतरांच्या सुरक्षिततेचीही फारशी काळजी घेईल, असे मानण्याचे कारण नाही.

काम संपल्यावर दिसणारा ढीग पाहून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण घट्ट लाकूड भुसभुशीत झाल्यावर कितीतरी अधिक जागा व्यापते. तो सगळा भुसा खड्ड्यात परत लोटून वर माती पसरण्याचा मोह होतो आणि पुष्कळदा तसेच केले जाते. भुसा कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतला नत्र स्वतःसाठी वापरतात, त्यामुळे तिथे लावलेले गवत किंवा रोपे पिवळी पडतात, आणि भुसा कुजत जाईल तशी जमीनही खाली बसत राहते. म्हणून शक्य तेवढा भुसा बाहेर काढून खड्डा चांगल्या मातीने थराथराने, प्रत्येक थर दाबत भरावा. निरोगी झाडाचा काढलेला भुसा इतर झाडांच्या आळ्यांत, खोडाला न भिडवता, आच्छादन म्हणून पसरता येतो. मातीत न मिसळता वर राहिला तर तो नत्राची ओढ फारशी करत नाही आणि ओल टिकवून धरतो. रोगट झाडाचा भुसा मात्र बागेत कुठेही वापरू नये.

(खड्डा भरून झाला आहे. ताजी माती भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडी उंच दिसते.)

भरलेली जागा मुद्दाम चार-पाच सेंटिमीटर उंच ठेवलेली आहे. खाली उरलेली आडवी मुळे पुढची काही वर्षे कुजत राहतील आणि पहिल्या जोरदार पावसानंतर इथे एक उथळ खळगा दिसेल. त्या वेळी भरायला लागणारी चार-सहा घमेली माती चालकाने आजच कुंपणालगत झाकून ठेवली आहे.