पडणाऱ्या माणसाला झेलताना

श्रोतेहो, नमस्कार. आज 'डिफेंडर' या व्हिडिओ गेमबद्दल बोलायचंय. शिकागोच्या विल्यम्स कंपनीनं १९८० च्या अखेरीस तो प्रदर्शनात मांडला आणि १९८१ मध्ये अमेरिकेतल्या गेम पार्लरांत नाणी खणखणू लागली. कर्ता होता यूजीन जार्व्हिस, पिनबॉलच्या यंत्रांवर हात बसलेला माणूस.

तोवर अंतराळातल्या लढाईच्या खेळांत बहुधा आपली तोफ पडद्याच्या तळाशी आणि शत्रू वरून. इथं मात्र विमान डावीकडे-उजवीकडे सुसाट धावतं आणि खालची जमीन पडद्यात मावतच नाही. उडत राहिलात तर फिरून पहिल्या जागी येता. जे समोर दिसत नाही तेही कळावं म्हणून पडद्याच्या वरच्या कडेला रडारची छोटीशी पट्टी. वर-खाली जायला दांडा आणि पाच बटणं: वेग, उलट वळण, गोळी, बॉम्ब आणि सगळं हाताबाहेर गेलं की भलतीकडेच गायब होण्याचं हायपरस्पेस. मी हा खेळ पुष्कळ वर्षांनी घरच्या संगणकावर खेळलो. बोटं वळणावर यायलाच कितीतरी दिवस गेले.

पण मला जीव लावला तो खालच्या माणसांनी. तपकिरी, वेड्यावाकड्या रेघेच्या डोंगरांवर दहा चिमुकली माणसं असतात. 'लँडर' नावाचं यान खाली उतरतं, एकाला उचलतं आणि सावकाश वर निघतं. ते पडद्याच्या माथ्यावर पोचलं की माणूस संपला. त्या यानाचा 'म्यूटंट' होतो आणि तो पिसाळल्यासारखा तुमच्या अंगावर येतो. दहाही माणसं गेली तर ग्रहच फुटतो. मग खाली जमीन नाही, उरलेले लँडरही सगळे म्यूटंट!

लँडरला वाटेत गाठलंत तरी गोळी जपून मारायची, कारण ती त्या माणसालाही लागते. नेम बरोबर बसला तर यान फुटतं आणि माणूस पडू लागतो. आता बंदूक विसरायची, खाली सूर मारायचा, त्याला झेलायचं.

गुणांचा हिशेब ऐका. लँडर पाडला, १५०. माणूस झेलला, ५००. त्याला सुखरूप जमिनीवर ठेवला, आणखी ५००. पाडण्यापेक्षा वाचवण्याचं मोल किती जास्त, हे जार्व्हिस आणि त्याच्या सोबत्यांनी गुणांतच लिहून ठेवलंय. गोळीबाराच्या खेळात हे मला फार मोठं वाटतं.

झेललेला माणूस विमानाच्या पोटाखाली लटकलेला असतो. चहूकडून गोळ्या येत असतात. तुम्ही हळूहळू खाली येता, डोंगराची रेघ जवळ येते, त्याचे पाय टेकतात. आणि तेवढ्यात वरच्या पट्टीत, पार दुसऱ्या टोकाला, एक ठिपका दुसऱ्या ठिपक्याला घेऊन वर निघालेला दिसतो.