वाजवण्याआधीची फेरी

नमस्कार. आज मी पियानोला हात लावणार नाही, पियानो स्पर्धांची नियमावली वाचणार आहे. ज्यांना जांभई येईल त्यांनी खुशाल द्यावी. बोटं अगदी तयार असूनही स्पर्धेतून बाहेर पडलेली मुलं मी पाहिली आहेत. घोटाळा कार्यक्रमपत्रिकेत होता, आणि ती त्यांनी कित्येक महिने आधी स्वतःच लिहून दिली होती. म्हणून रचनांच्या या निवडीला मी पहिली फेरी म्हणतो. तिला परीक्षक नसतात, एवढाच फरक.

सुरुवात पोलंडच्या वॉर्सापासून करू. तिथली शोपँ स्पर्धा 1927 साली सुरू झाली. आता ती दर पाच वर्षांनी भरते आणि पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत एकाच संगीतकाराची, शोपँची, असते. विद्यार्थ्यांना वाटतं, बरं झालं, बाख नको, बेथोव्हन नको. पण सगळे तेच वाजवत असले की लपायला जागा राहत नाही. 2025 च्या पहिल्या फेरीत काय मागितलं होतं पाहा: ठरलेल्या यादीतला एक एट्यूड (तंत्र घोटून घेणारी रचना), एक संथ रचना, एक वॉल्ट्झ (तीन मात्रांची नृत्यरचना) आणि बालाद किंवा बार्करोलसारखी एक मोठी रचना. यातली प्रत्येक मागणी म्हणजे एक प्रश्न आहे. एट्यूड विचारतो, हात आहे का? संथ रचना विचारते, पियानो गातो का? वॉल्ट्झ विचारतो, तुम्हाला हलकं होता येतं का? या तिसऱ्या प्रश्नाला जड हाताचे पुष्कळ हुशार वादक अडखळतात.

रचनांचा क्रम बहुतेक वेळा तुम्ही ठरवायचा असतो, आणि गंमत तिथेच आहे. माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, अवघड ते आधी उरकून टाकते. तिने ऑपस 10, म्हणजे शोपँच्या दहा क्रमांकाच्या छापील संचामधला दुसरा एट्यूड पहिला ठेवला. त्यात उजव्या हाताची तिसरी, चौथी आणि पाचवी बोटं क्रोमॅटिक, म्हणजे लागोपाठच्या अर्ध्या-अर्ध्या, स्वरांवर धावतात आणि त्याच हाताचा अंगठा व तर्जनी खाली छोटे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) वाजवतात. गार हातांनी, अनोळखी पियानोवर, सभागृहाचा नाद कानात बसण्याआधी! तिसऱ्या ओळीला मनगट आवळलं आणि पुढची वीस मिनिटं ती ते सोडवत बसली. आधी एक नॉक्टर्न, म्हणजे संथ, गाणारी रचना, ठेवला असता तर पियानोची पट्टी किती खोल जाते, पेडल कुठे पकडतं, हे तिला आपसूक कळलं असतं.

माझुर्का या पोलिश नृत्यरचनेचा नियम मला सर्वांत आवडतो. एका ऑपसमधल्या माझुर्का सुट्या उचलता येत नाहीत. संपूर्ण संच, छापील क्रमानेच वाजवायचा. तीन मात्रांचं नृत्य, पण वजन कधी दुसऱ्या मात्रेवर तर कधी तिसऱ्यावर सरकतं, आणि हे सरकणं कागदावर पूर्ण उतरत नाही. त्यामुळे एखादी लोकप्रिय माझुर्का घोटून काम भागत नाही. शेजारच्या अबोल, विचित्र माझुर्कांशीही ओळख करून घ्यावी लागते. माझुर्कांसाठी तिथे वेगळं पारितोषिक आहे, ते उगाच नाही.

आता कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्रासोबतची रचना. अंतिम फेरीत शोपँचा ई मायनर किंवा एफ मायनर, दोनच पर्याय. 2000 ते 2021 या पाचही स्पर्धांच्या विजेत्यांनी ई मायनर वाजवला, आणि ‘एफ मायनरने जिंकता येत नाही’ अशी समजूत पसरली. वास्तविक 1980 मध्ये डांग थाय सोन एफ मायनर वाजवून जिंकला होता, आणि 2025 मध्ये एरिक लूनेही तेच केलं. अशा समजुतींवर कार्यक्रम ठरवू नका. त्यापेक्षा हे पाहा: ई मायनरमध्ये ऑर्केस्ट्रा सुमारे चार मिनिटं एकटाच वाजवतो आणि तुम्ही हात मांडीवर ठेवून, दिव्यांखाली बसलेले असता. ती चार मिनिटं तालमीत कुणी घेतच नाही! मी घ्यायला लावतो. रेकॉर्डिंग लावून, शांत बसून.

सगळ्या स्पर्धा एकाच गोष्टीची परीक्षा घेत नाहीत. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत अंतिम फेरीतल्या वादकांना साधारण आठवडाभर बाहेरच्या जगापासून तोडतात. अप्रकाशित नवी रचना हातात देतात आणि ती शिक्षकाच्या मदतीशिवाय ऑर्केस्ट्रासोबत उभी करायला सांगतात. ज्याला सगळं गुरूने बसवून द्यायची सवय आहे, त्याने तो अर्ज भरताना जरा थांबावं. उलट टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या क्लायबर्न स्पर्धेत मोकळीक बरीच. तिथे 2022 मध्ये अठरा वर्षांच्या युनचान लिमने उपांत्य फेरीत लिस्ट या संगीतकाराचे अतिशय अवघड असे बाराही ट्रान्सेन्डेन्टल एट्यूड सलग वाजवले आणि पुढे स्पर्धाही जिंकली. त्यानंतर माझ्याकडे येणारा प्रत्येक दुसरा मुलगा तेच वाजवू म्हणतो. अरे बाबा, त्याच्याकडे ते होते म्हणून त्याने वाजवले.

वेळेबद्दल थोडक्यात. फेरीची मर्यादा मिनिटांत दिलेली असते, आणि ती ओलांडली तर परीक्षक थांबवू शकतात. तेव्हा घड्याळ लावून वाजवा. रचनांमधला श्वासही त्यात धरा, आणि पुन्हा वाजवायला सांगितलेले भाग पुन्हा घ्यायचे की सोडायचे हे नियमात पाहा. एकट्याने वाजवायच्या रचना सहसा पाठच लागतात. चेंबर संगीत (मोजक्या वादकांचं एकत्र वादन) किंवा नव्या रचनेला पुष्कळदा कागद चालतो.

राहिला पियानो. 2021 मध्ये वॉर्सात स्टाइनवे, यामाहा, कावाई आणि फाझिओली यांतून निवड होती, आणि त्यासाठी प्रत्येकाला पंधरा मिनिटं. ब्रूस लिऊने फाझिओली घेतला आणि तो जिंकला. त्या पंधरा मिनिटांत मुलं आपला सर्वांत जोरदार भाग वाजवून पाहतात. मोठा आवाज सगळेच पियानो देतात. तुम्ही नॉक्टर्नची पहिली ओळ वाजवा, अगदी हळू, आणि सूर विरेपर्यंत पट्टी सोडू नका.