कित्ता, कित्ता, कित्ता

(दृश्य: बडोदा, दांडिया बाजार. सकाळ. अर्धं वर सरकवलेलं शटर. आत लाकडी कपाट.)

हे कपाट उघडायला दोन माणसं लागतात. एकानं दार ओढायचं, दुसऱ्यानं वरच्या फळीवरून घसरणाऱ्या कॅसेटी झेलायच्या.

काकांचा स्टुडिओ इथे तीस वर्षं चालला. लग्नं, मुंजी, साखरपुडे, डोहाळजेवणं, गल्लीतले गणपती. आधी व्हीएचएस, मग मिनी डीव्ही, मग कार्डावरचे कॅमेरे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि काकांनी दुकान आवरायला काढलं. कॅसेटी आधीच कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या होत्या. एका तासाची मिनी डीव्ही उतरवायला तासच लागतो आणि तिची फाइल होते साधारण १३ जीबीची, त्यामुळे ते काम कित्येक उन्हाळ्यांच्या सुट्ट्या पुरलं. माझ्या ताब्यात आल्या त्या दोन हार्ड डिस्क. दोन्ही मिळून २ टेराबाइट, फायली सहा हजारांच्या आसपास.

आणि नावं? ‘एमव्हीआय ०२३१’. ‘०००००.एमटीएस’. ‘नवीन फोल्डर २’. ‘नवीन फोल्डर २ ची प्रत’. एका फोल्डरचं नाव नुसतं ‘बघणे’.

अशात फोन येतात. “काका, आमच्या आजोबांचं काही शूटिंग असेल का हो तुमच्याकडे? माझ्या मुंजीत होते बघा, पहिल्या रांगेत.” असणार. पण कुठे? सहा हजार फायली एकेक उघडून बघायच्या, तर ज्याची मुंज झाली होती त्याच्या मुलाची मुंज येईल.

(दृश्य: काकांच्या हातात जुना फोटोपेपर. त्यावर छोट्या छोट्या चौकटी.)

काकांना यात नवल वाटलं नाही. त्यांनी खणातून हा कागद काढला. ३५ मिलिमीटरचा रोल, ३६ फोटो. निगेटिव्हच्या सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापायच्या, आठ बाय दहाच्या कागदावर ओळीनं मांडायच्या, वरून काच दाबायची, क्षणभर दिवा लावायचा. अख्खा रोल एका कागदावर. याला सगळे ‘कॉन्टॅक्ट’ म्हणायचे. भिंग लावून बघायचं आणि मोठा करायचा तो फोटो लाल पेन्सिलीनं गोल करायचा.

“व्हिडिओचा कॉन्टॅक्ट काढ,” काका म्हणाले. “त्यात काय एवढं?”

इथून जवळच कलाभवनाची इमारत आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली कलाभवन सुरू झालं. आता तिथे विद्यापीठाची इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे. मुंबईच्या जे. जे. मधून आलेला एक तरुण या कलाभवनात फोटोग्राफी शिकला. पुढे १९१३ मध्ये त्यानं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. दादासाहेब फाळके. बडोद्यात कॅमेरा हातात घेणारा प्रत्येक मराठी माणूस हे एकदा तरी सांगतोच, म्हणून मीही सांगून टाकलं. तर, कॉन्टॅक्ट.

(दृश्य: रात्र. लॅपटॉपचा पडदा. ओळी वर सरकताहेत.)

प्रत्येक फाइलमधून बारा चित्रं घ्यायची, चार-चारच्या तीन ओळी करायच्या, एक पान तयार. पानाचं नाव वाचून फाइल सापडली पाहिजे. काम एफएफएमपेग नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमचं. फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच माणसानं २००० साली तो सुरू केला, आणि व्हिडिओशी संबंध असलेलं जवळजवळ सगळं आज कुठे ना कुठे त्याच्यावर टेकलेलं असतं. आज्ञा एका ओळीची असते. मी लिहिली, रात्री अकराला सोडली आणि झोपले.

सकाळी सहाला बघते तर तीनशे फायलीसुद्धा झाल्या नव्हत्या.

का, ते मला काकूच्या वहीत सापडलं.

(दृश्य: हिशेबाची वही. पहिल्या ओळीत पूर्ण तारीख. खाली प्रत्येक ओळीत ‘कित्ता’.)

दुकानाची वही काकू लिहायची. वर एकदा पूर्ण लिहायचं: तारीख, कार्यालय, यजमान. त्याच्या खाली, तेच असेल तर, ‘कित्ता’. कित्ता, कित्ता, कित्ता. बदलेल तेवढंच नवीन लिहायचं. शाई वाचते. पण मधलीच एखादी ओळ वाचायची तर बोट धरून वर वर जावं लागतं, पूर्ण लिहिलेली ओळ सापडेपर्यंत.

व्हिडिओची फाइल अशीच लिहिलेली असते. सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र पूर्ण साठवलं तर डिस्क पुरायच्या नाहीत. म्हणून एक चित्र पूर्ण, ते कीफ्रेम. पुढच्यांमध्ये फक्त काय बदललं ते. मांडव तोच, पडदा तोच, भटजींचा हात तेवढा हलला. कित्ता. काही चित्रं तर पुढच्या चित्राकडेही बघतात, तेवढं काकूची वही करत नाही. मिनी डीव्ही मात्र याला अपवाद: तिच्यात प्रत्येक चित्र स्वतंत्र, स्वतःच्या पायावर उभं. म्हणूनच ती फाइल एवढी जड, आणि म्हणूनच तिच्यातलं कुठलंही चित्र चटकन हाताला लागतं.

माझी चूक एवढीच होती की वेळ सांगितली ती फाइलच्या नावानंतर. ‘ही फाइल घे, चाळिसाव्या मिनिटाचं चित्र दे.’ एवढं ऐकून बिचारा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वही वाचायला लागतो आणि चाळीस मिनिटांचं वाचलेलं फेकून देतो. वेळ आधी आणि फाइलचं नाव नंतर लिहिलं, की तो थेट चाळिसाव्या मिनिटाच्या अलीकडच्या कीफ्रेमवर उडी मारतो आणि तिथून चार पावलं चालतो. शब्द तेच, क्रम बदलला. जुन्या यूएसबीवरून सेकंदाला ३० एमबी धरले तर २ टेराबाइट नुसते वाचायलाच साडेअठरा तास हवेत. उलगडायचा वेळ वेगळा. उड्या मारत गेलं तर एका फाइलला चार सेकंद, सहा हजारांना साधारण पावणेसात तास. एक रात्र.

दुसऱ्या रात्री काम पुरं झालं. पानं मोजली. सहा हजार हवीत, निघाली साडेतीन हजार.

याचं उत्तर कुठल्याही वाड्यात मिळालं असतं. एका वाड्यात तीन बाळू असले तर ‘बाळू’ अशी हाक मारून भागत नाही. काकांचा एक कॅमेरा कार्ड रिकामं केलं की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करायचा. त्यामुळे प्रत्येक कार्यात एक ‘०००००.एमटीएस’ आहेच. मी पानाला फाइलचं नाव देत होते. जोशांच्या लग्नाचं पान शिर्क्यांच्या मुंजीच्या पानानं पुसलं, ते कुणाच्या तरी साखरपुड्यानं. मग नावात फोल्डरचा अख्खा पत्ता घातला. जे पान आधीच तयार आहे ते पुन्हा करायचं नाही, अशीही सूचना घातली, कारण बडोद्यात जूनमध्ये वीज जाते आणि ती जाताना विचारत नाही.

(दृश्य: पडद्यावर पहिली पानं. लांबुळके चेहरे. हलत्या हातांवर कंगव्यासारख्या रेघा.)

पानं बघून काकू म्हणाली, “अगं, सगळे किती बारीक झालेत!”

खरंच झाले होते. डीव्हीचं चित्र साठवलेलं असतं ७२० बाय ५७६, पण दाखवायचं असतं चारास तीन या प्रमाणात, म्हणजे ७६८ रुंदीचं. त्या काळचा ठिपका चौकोनी नव्हताच. हे न सांगता चित्र काढलं की माणसं वाळतात. नंतरच्या रुंद पडद्याच्या टेपांमध्ये तर पार काड्या. आणि त्या रेघा? जुना कॅमेरा एक चित्र दोन हप्त्यांत घ्यायचा, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. मधल्या वेळात अक्षता टाकणारा हात पुढे गेलेला असतो. दोन्ही दुरुस्त्या एकेका शब्दाच्या आहेत. वरातीत नाचणाऱ्यांचे हात पुन्हा पाच बोटांचे झाले.

काही फायली उघडल्याच नाहीत. मोबाइल आणि नंतरच्या कॅमेऱ्यांच्या एमपी-फोर फाइलमध्ये अनुक्रमणिका बहुतेक वेळा शेवटी लिहिली जाते. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली की सगळं पुस्तक आहे, पण अनुक्रमणिका नाही, आणि त्याविना प्रोग्रॅम पुस्तक उघडायलाच तयार नसतो. त्याच कॅमेऱ्याच्या चांगल्या फाइलवरून ती पुन्हा रचता येते कधीकधी. ते बाजूला ठेवलं.

(दृश्य: छापलेली पानं जेवणाच्या टेबलावर. काका चष्मा पुसताहेत.)

आता खरी अडचण. पानं देखणी होती आणि निरुपयोगी होती.

कुठली बारा चित्रं घ्यायची, हा प्रश्न मी यंत्रावर सोपवला होता. यंत्राची पद्धत ठरलेली असते. एक प्रोग्रॅम फाइलच्या दहा टक्क्यांवरचं चित्र उचलतो, म्हणजे सुरुवातीचा काळोख टळतो. एफएफएमपेगचा स्वतःचा ‘थंबनेल’ (म्हणजे फाइलची ओळख पटवणारं छोटं चित्र) फिल्टर शंभर चित्रं घेतो, त्यांच्या रंगांची सरासरी काढतो आणि सरासरीच्या सर्वांत जवळचं चित्र निवडतो. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण लग्नातली सरासरी म्हणजे काय? मांडवाचा पडदा. लाल, पिवळा, पुन्हा लाल. बडोद्यातल्या मांडववाल्यांकडे पडदे असून असून किती प्रकारचे असणार? सहा हजार पानांवर तोच पडदा, पुढे पाठमोरे फेटे.

मी ठिकठिकाणी चित्रं छान आली म्हणून खूश होते. काकांनी पान खाली ठेवलं. म्हणाले, “चांगला फोटो कोणी मागितलाय? हे कोण, ते कळलं पाहिजे.”

मग त्यांनी विचारलं, “पहिले पाच सेकंद का सोडलेस?”

सोडले, कारण सगळे सोडतात. सुरुवातीला काळं असतं, हललेलं असतं, कोणाचे तरी बूट असतात.

“माझ्यात पत्रिका असते.”

(दृश्य: कॅसेटचा आरंभ. थरथरत स्थिर होणारी लग्नपत्रिका. गणपती, कुलदेवता, नावं, तारीख, स्थळ.)

तीस वर्षं, प्रत्येक कार्याच्या सुरुवातीला, काकांनी पत्रिका शूट केली होती. दहा सेकंद. पत्रिका नसेल तर कार्यालयाच्या दाराशी फुलांनी लिहिलेली नावं. तेही नसेल तर पाटीवर खडूनं. पुढे मिक्सिंगला द्यायच्या कॅसेटींची अदलाबदल होऊ नये म्हणून. एका हंगामात म्हणे कोणाची तरी सप्तपदीची सात पावलं दुसऱ्याच्याच लग्नात जोडली गेली होती, तेव्हापासून. म्हणजे थंबनेल काकांनी शूटिंगच्या वेळीच काढून ठेवलं होतं. मी यंत्राला सांगून ते वगळत होते.

पहिलं चित्र तिसऱ्या सेकंदाचं, उरलेली अकरा समान अंतरावर. एवढाच बदल. कॅसेटवरून आलेल्या फायलींची पानं एका रात्रीत बोलायला लागली. श्री कुलस्वामिनी प्रसन्न. चि. अमुक, चि. सौ. कां. तमुक. गोरज मुहूर्त. कृपया आहेर आणू नये.

कार्डाच्या कॅमेऱ्यांना एवढ्यानं भागलं नाही. तिथे बटण दाबलं की नवी फाइल. एका लग्नाच्या दोनशे फायली, पत्रिका फक्त पहिलीत. तिथे मी वेळेचा आधार घेतला: दोन फायलींमध्ये सहा तासांपेक्षा जास्त खंड असेल तर नवं कार्य. पण कॅमेऱ्याची आतली छोटी बॅटरी मेली की त्याचं घड्याळ परत आपल्या जन्मतारखेला जातं. त्यामुळे आमच्याकडे १ जानेवारीला एकवीस लग्नं आहेत. पौषात!

तिथे काकू. रोज दुपारी चहानंतर वीस-पंचवीस पानं. ती चेहरे बघत नाही, साड्या बघते. “ही मोरपंखी पैठणी रावपुऱ्यातल्या वहिनींची. ती त्यांनी भाच्याच्या लग्नात पहिल्यांदा नेसली. म्हणजे हे त्यानंतरचं.” “हा आचारी बघ, यानं आमच्याकडे मठ्ठ्यात साखर घातली होती.” “अहो, हे मांडवीकडचं कार्यालय ना? मग आपण येताना शेव-उसळ खाल्ली, तो दिवस.” मी बाजूला बसून लिहून घेते. यंत्राला चित्राची सरासरी कळते. मठ्ठ्यात साखर घातलेली कळायला अजून वेळ आहे.

बाराच्या बारा चित्रं काळी असलेली त्रेचाळीस पानं निघाली. झाकण न काढता दाबलेलं बटण, दिवे गेलेले, असलं काहीतरी. मी ती पुसणार होते. मग वाटलं, चित्र नसलं तरी आवाज असेल. त्याचंही चित्र काढता येतं: अख्ख्या फाइलचा आवाज एका लहरीच्या रेघेत. त्रेचाळीसपैकी बहुतेक रेघा सपाट आल्या. एक चाळीस मिनिटांची मात्र दाट, झुडपासारखी.

(दृश्य: पूर्ण काळा पडदा. ध्वनी: ताटांचा, वाट्यांचा, पावलांचा.)

कॅमेरा पिशवीत टाकताना बंद करायचा राहिला होता. पंगत बसली आहे. कोणीतरी श्लोक म्हणतंय, मधेच विसरतंय, दुसरा कोणी पुढचा चरण लावून देतो. वाढपी गुजरातीत विचारतो, आजी मराठीत नाही म्हणतात, तरी तो वाढतो. जिलबीवरून आग्रह. आणि पिशवीच्या अगदी जवळून एक आवाज, तोंडात घास असताना, “जरा लवकर वाढा हो, बिदाई शूट करायचीये.”

काका म्हणाले, “हे कुठलं कार्य, सांगता यायचं नाही. पुसून टाक.”

काकूनं हेडफोन काढले नाहीत. वही ओढली आणि लिहिलं: ‘पंगत. चित्र नाही.’ तारखेच्या रकान्यात तिनं कित्ता लिहिलं, वरची ओळ मोकळी असताना.