लिस्बन : चढावरचं शहर आणि काशियसचं स्टेशन

[दृश्य : सकाळ. आल्फामा या जुन्या वस्तीतल्या पायऱ्या, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी.]

लिस्बनमध्ये पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या पोटऱ्या आधी बोलू लागतात, मन नंतर. नकाशावर पाच मिनिटांचं वाटणारं अंतर प्रत्यक्षात पायऱ्यांची माळ निघतं. या शहराला सात टेकड्या आहेत असं म्हणायची रीत आहे. दुपारपर्यंत त्या सतरा वाटायला लागतात.

पायाखाली बघा. पांढरी चुनखडी आणि काळा बेसाल्ट. बोटभर उंचीचे दगड कारागिरांनी हातानं ठोकून बसवलेत. रोसियू चौकात त्यांच्या अशा लाटा केल्या आहेत की सपाट जमीनही हलतेय असं वाटतं. दिसायला देखणे, पण पाऊस पडला की निसरडे. फोटोसाठी नवे गुळगुळीत बूट आणले असतील, तर ते हॉटेलातच राहू द्या.

चढ संपला की बहुतेक वेळा एक सज्जा लागतो. इथले लोक त्याला मिरादोरू म्हणतात. सांता लुझियाच्या सज्जावर निळ्या टाइल्स आहेत, बोगनवेल आहे, आणि खाली लाल कौलांच्या पलीकडे तेजो नदी. समुद्राला मिळण्याआधी ती इतकी रुंद होते की पलीकडचा काठ धूसर दिसतो. त्या पाण्यावरचा उजेड पांढऱ्या दगडांवर, फिकट भिंतींवर पडतो. प्रेमिकांचं शहर म्हणून पॅरिसचं नाव मोठं असेल, पण माझं मत विचाराल तर संध्याकाळी सातच्या सुमाराला लिस्बनशी कुणाची स्पर्धा नाही.

[दृश्य : अठ्ठावीस नंबरची ट्राम अरुंद वळणावर.]

ही ती पिवळी ट्राम, नंबर अठ्ठावीस. डबे १९३० च्या दशकातले. हौस म्हणून जुने ठेवलेत असं वाटेल, पण या चढांवर आणि वळणांवर मोठी आधुनिक ट्राम मावतच नाही. मार्तिम मोनीझच्या थांब्यावर लांबलचक रांग असते. दुसऱ्या टोकाला, कांपु द ओरीककडून चढलात तर बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. खिसा सांभाळा. पाकीटमारांनाही ही ट्राम फार आवडते.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. शहराच्या पोस्टकार्डांवर हमखास दिसणारी ग्लोरियाची उतरंडीवरची गाडी १८८५ पासून चालत होती. ३ सप्टेंबर २०२५ ला तिच्या दोन डब्यांना जोडणारी केबल निसटली आणि १६ माणसं गेली. जुनं यंत्र देखणं आहे म्हणून त्याची देखभाल कमी लागत नाही.

[दृश्य : कार्मू. छप्पर नसलेलं चर्च, कमानींमधून आभाळ.]

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमाराला चर्चं माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या. जमीन हादरली. जे वाचले ते मोकळ्या जागेच्या आशेनं नदीकाठी धावले. आधी पाणी मागे हटलं, मग लाटा होऊन परत आलं. वर शहरात मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आग लावली होती, ती कित्येक दिवस विझली नाही. हजारो माणसं मेली. नदीकाठचा राजवाडा गेला, आणि हिंदुस्थानच्या व्यापाराचा कारभार जिथून चाले ते 'काझा द इंडिया' दफ्तरही त्याच्याबरोबर गेलं.

राजा जोझे पहिला त्या दिवशी शहराबाहेर होता म्हणून वाचला. पण दगडी छपराची त्याला कायमची धास्ती बसली. पुढे तो आजुदाच्या टेकडीवर, लाकडी राजवाड्यात राहिला. शहर उभारलं त्याच्या मंत्र्यानं, पुढे मार्केश द पोंबाल या किताबानं ओळखल्या गेलेल्या माणसानं. माणूस निर्दयी होता, विरोधकांना त्यानं सोडलं नाही. पण सरळ रस्त्यांचा बायशा भाग त्याच्याच काळातला. कुठल्या गल्लीत सोनार, कुठल्या गल्लीत चांभार, हेही तेव्हाच ठरवलं गेलं. या इमारतींच्या भिंतींत लाकडाचा तिरक्या फुल्यांचा सांगाडा आहे, भूकंपात भिंतीनं तुटण्याऐवजी डुलावं म्हणून. नमुना तयार झाल्यावर त्याच्याभोवती सैनिकांची पलटण पाय आपटत चालवली आणि सांगाडा टिकतो का ते पाहिलं, असं सांगतात. खरं असो वा नसो, मला तरी ही गोष्ट नदीकाठच्या चौकातल्या राजाच्या घोड्यावरच्या पुतळ्यापेक्षा जास्त आवडते.

कार्मूच्या या चर्चचं छप्पर मात्र पुन्हा घातलं नाही. आणि याच चौकात, शेजारच्या बराकीत, २५ एप्रिल १९७४ ला पोर्तुगालची हुकूमशाही संपली. पंतप्रधान मार्सेलू काएतानू आत, बाहेर बंडखोर सैनिक आणि गर्दी, आणि बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं. नदीवरच्या लाल पुलाला तोवर आधीचा हुकूमशहा सालाझार याचं नाव होतं. आज तो '२५ एप्रिल पूल' आहे.

[दृश्य : रात्र. फादूची खानावळ.]

फादू, म्हणजे इथलं पारंपरिक गाणं, ऐकायला बसलात तर गाणं सुरू असताना बोलू नका. दिवे मंद होतात, वेटरही थांबतो. बारा तारांची पोर्तुगीज गिटार, साथीला साधी गिटार आणि एक आवाज, एवढंच. फादूची मोठी गायिका आमालिया रॉद्रिगेश आता राष्ट्रीय स्मारकात विसावली आहे, राष्ट्राध्यक्ष आणि लेखकांच्या शेजारी. टेबलावर न मागता आलेला पाव, ऑलिव्ह आणि चीज फुकट नसतं. नको असेल तर हात लावू नका, बिलात येत नाही.

[दृश्य : बेलेम. मनोरा, मग स्मारक.]

बेलेमला लोक येतात ते 'पाश्टेल' खायला. १८३४ मध्ये मठ बंद झाले आणि १८३७ पासून हे दुकान मठातल्या कृतीनं ती अंड्याच्या मलईची गोड वाटी विकतंय. गरम असताना, वर दालचिनी घालून खावी. याहून जास्त तिच्याबद्दल काय सांगणार.

आता मनोऱ्याच्या बाहेरच्या बाजूला, बुरजाखाली कॅमेरा जवळ नेतो. हे झिजलेलं डोकं गेंड्याचं आहे. गुजरातच्या सुलतानानं, दुसऱ्या मुजफ्फर शाहनं, तो पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिला. जानेवारी १५१५ मध्ये गेंडा गोव्याहून जहाजात चढला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. युरोपनं शेकडो वर्षांत जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजा मानुएलनं त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळाला. जर्मनीत चित्रकार ड्यूररनं तो न पाहताच, ऐकीव वर्णनावरून, अंगावर चिलखत घातल्यासारखा काढला. पुढे पोपला भेट म्हणून पाठवला, आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून तो गेला.

पलीकडे जेरोनिमोस मठ. आत वास्को द गामाची कबर. मरण आलं कोचीत, १५२४ मध्ये. दगडावरची दोरखंडं, पोवळी, गोलक फार सुंदर कोरलेत. यासाठीचा पैसा आपल्याच किनाऱ्यांवरच्या मसाल्याच्या व्यापारातून आला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवून फिरावं लागतं, आणि फिरता येतं.

नदीकाठचं ५२ मीटर उंचीचं दर्यावर्दींचं स्मारक १९६० चं. दगडी गलबतावर वास्को आहे, आल्बुकर्क आहे, फ्रान्सिस झेवियरही आहे. सालाझारच्या राजवटीनं ते मोठ्या डौलात उभं केलं, आणि पुढच्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला, गोवा त्यांच्या हातून गेला.

[दृश्य : बेलेम स्टेशन. लोकल येते.]

इथून पुढची लोकल घ्या. मुंबईकराला समजावून सांगायला नको : फास्ट नको, स्लो. थोड्याच स्टेशनांनंतर काशियस. पर्यटकांच्या पुस्तकांत हे नाव सहसा नसतं. टेकडीवरच्या किल्ल्यात सालाझारचे राजकीय कैदी ठेवत. गोवामुक्तीसाठी लढणारे सांगलीचे मोहन रानडे त्यांतले एक. १९५५ मध्ये गोव्यात बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात ते पकडले गेले आणि त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्यांना गोव्यातून इथे आणलं. गोवा स्वतंत्र झाला, तरी रानडे आतच होते. सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये.

तिथे आजही तुरुंग आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. सालाझारच्या काळातल्या कोठड्या कशा होत्या हे बघायचं असेल तर आल्फामात, मोठ्या चर्चजवळ, आल्जुबे या जुन्या तुरुंगाचं आता संग्रहालय झालंय. अठ्ठावीस नंबरची ट्राम त्याच्या दारावरूनच जाते.

काशियसला आमच्याबरोबर उतरलेल्यांच्या हातात टॉवेल आणि छत्र्या होत्या, कारण स्टेशनसमोरच छोटी पुळण आहे. पोरं पाण्यात उतरली होती. आम्हीही पाय बुडवून पाहिले. अटलांटिक भर उन्हाळ्यातसुद्धा कोकणातल्या माणसाला गारच लागतो.