वेताळाचं नाव दिवेलागणीला काढायचं नाही

(नागपूर. इतवारीतली रद्दीची गल्ली. तराजू जवळून दिसतो.)

हा काटा बघा. एका पारड्यात पाच किलोचं वजन आणि दुसऱ्या पारड्यात, भाऊ, माझं अख्खं लहानपण! मी काही नाटक नाही करून राहिलो, खरंच तसं झालं. घराला रंग द्यायचा होता, मी शिकायला बाहेरगावी, आणि घरच्यांनी टांडावरची पत्र्याची पेटी उतरवून त्यातली सगळी इंद्रजाल कॉमिक्स, म्हणजे वेताळ-मॅण्ड्रेकच्या चित्रकथांचे अंक, रद्दीत घालून टाकली. मी सुट्टीत आलो तर पेटीत गहू.

त्यांचा काय दोष म्हणा, तेव्हा कॉमिक्स म्हणजे कचराच होता सगळ्यांच्या लेखी. वडील स्वतः बाबूराव अर्नाळकरांचे पक्के वाचक, झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे नायक वडिलांना तोंडपाठ, आणि अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्यामुळे वाचायला कधी काही कमी पडलं नाही. पण आमच्या हातात कॉमिक दिसलं की तेच वडील म्हणणार, "अभ्यासाचं वाच काहीतरी." लायब्ररीवाला दोघांनाही ओळखून होता. वडिलांची रहस्यकथा आणि माझं कॉमिक तो एकाच पिशवीत द्यायचा.

(उन्हाळ्याची दुपार. खिडकीत कूलर.)

नागपूरचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. दुपारी बाहेर कुत्रंसुद्धा दिसत नाही, घरात अंधार केलेला, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास आणि कूलरच्या अगदी समोर पालथं पडून आम्ही तिघं-चौघं एकाच अंकात डोकं घालून. जो कूलरच्या जवळ त्यानं पान उलटायचं, असा नियम. अंकावर पाण्याचे थेंब उडायचे, पानं फुगायची, आणि मग लायब्ररीवाला पाच पैसे जास्त घ्यायचा.

वेताळ म्हणजे इंग्रजीतला फँटम. अमेरिकेतल्या ली फॉक यांनी १९३४ मध्ये मॅण्ड्रेक हा जादूगार आणला, १९३६ मध्ये फँटम, आणि १९६४ पासून टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी इंद्रजाल कॉमिक्स म्हणून ते इंग्रजी, हिंदी, मराठी आणि आणखी भाषांमधून आपल्याकडे आणले. चारशे वर्षं बापाकडून मुलाकडे चालत आलेला तोच मुखवटा, तोच जांभळा पोशाख, म्हणून जंगलातल्या लोकांना वाटतं हा मरतच नाही. आपला वेताळ एकविसावा. मूळ स्ट्रिपमधल्या त्याच्या देशाचं नाव आपल्या बंगालसारखं वाजायचं आणि समुद्री चाचे होते 'सिंग', आता हे भारतात कसं चालणार, म्हणून इथे देश झाला डेंकाली आणि चाचे झाले सिंगा. पण मला विचाराल तर खरी कमाल केली ती 'वेताळ' हे नाव ज्याला सुचलं त्यानं. भुतांचा राजा, विक्रमाच्या खांद्यावर बसणारा, गावाच्या वेशीवर शेंदूर लावलेला, तो आपल्याला आधीच ठाऊक होता. न मरणारा माणूस म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगायची गरजच पडली नाही. माझी आजी तर घाबरायची. मी मोठ्यानं वाचायला लागलो की आतून ओरडायची, "दिवेलागणीला वेताळाचं नाव काढू नको रे!" आणि जेवताना हळूच विचारायची, "मग सुटला का तो जांभळ्या?"

आता वाचताना काही गोष्टी खटकतात, ते पण सांगतो. आफ्रिकेच्या जंगलाचा राखणदार गोरा आणि तिथले लोक त्याला हात जोडून उभे, हे तेव्हा डोक्यात आलंच नव्हतं. कदाचित म्हणूनच १९७६ मध्ये इंद्रजालमध्येच बहादूर हा आपल्या देशातला नायक आला तेव्हा एकदम घरचा वाटला. भगवा कुर्ता, जीन्स, मागे चंबळचे डाकू. तो लिहिला आबिद सुरतींनी. हेच सुरती पुढे मीरा रोडला प्लंबर सोबत घेऊन लोकांच्या घरचे गळके नळ फुकट दुरुस्त करत फिरले! डाकू पकडण्यापेक्षा ते काम जास्त अवघड असावं.

(महाल. मित्राचं घर.)

इंद्रजाल १९९० ला बंद पडलं. माझे अंक रद्दीत गेले, पण सगळे नाही, कारण अकरा अंक शाळेतल्या एका मित्राकडे होते. त्यानं ते कधी परत केले नाहीत आणि त्यावरून मी पस्तीस वर्षं त्याला शिव्या देऊन राहिलो होतो.

"काऊन परत नाही केले बे?"

"तू मांगितले कुठं? आन् दिले असते तं तेही रद्दीतच गेले असते."

यावर काय बोलणार!

हा एक अंक जवळून बघा. कव्हरवर लायब्ररीचा जांभळा शिक्का. पिना गंजून कागदात उतरल्यात, त्या सरळ ओढायच्या नाहीत, कागद फाटतो, मागून एकेक टोक उभं करून हळूच काढायच्या. कडा इतक्या करकरीत झाल्यात की बोट लागलं तरी तुकडा पडतो. वेताळ चाच्यांच्या तावडीत, बंदूक रोखलेली, आणि पुढे पानच नाही. भाड्यानं फिरणाऱ्या अंकाचं शेवटचं पान सगळ्यात आधी जातं.

तोच अंक मला दोन महिन्यांनी बर्डीच्या फुटपाथवर मिळाला, हिंदीत. आपल्या गावात हे बरं आहे, प्रत्येक गल्लीत दोन्ही भाषा नांदतात. नावात फक्त ळ चा ल झालेला. मी तिथंच उभ्या उभ्या शेवटचं पान उघडलं. मराठीत अडकलेला वेताळ, हिंदीत सुटला.